गाडी तीच, न्याय दोन

शनिवार पेठेच्या अरुंद रस्त्यांवर फिरणारी डिझेल मोटार किती विष ओकते, हे तिच्या मालकाला कळत नाही. तो कंपनीच्या कागदावर विसंबतो. फोक्सवॅगनने नेमका तोच विश्वास मोडला. चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर आवरणारी संगणकप्रणाली २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आली. पुण्याच्याच 'एआरएआय'ने येथील गाड्या तपासल्या आणि त्याच डिसेंबरात कंपनीने ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीस बोलावल्या. अमेरिकी मालकांना २०१६ च्या तडजोडीने गाडी परत देऊन घोटाळ्यापूर्वीची किंमत, शिवाय रोख भरपाई घेण्याची सोय झाली. आपल्या वाट्याला काय? प्रणालीची फुकट दुरुस्ती!

हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला, तोही मालकासाठी नव्हे. दोन महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली. भारतीय नियम मोडलेच नाहीत, असा कंपनीचा बचाव. चाचणी प्रयोगशाळेपुरतीच ठेवून ती पळवाट आपणच खुली ठेवली होती ना?

मोटार वाहन कायद्याच्या ११०अ कलमान्वये आता सरकार सदोष गाड्या परत बोलावू शकते. मग उत्पादकाने पूर्ण किंमत द्यावी, गाडी बदलावी किंवा दुरुस्त करावी. या 'किंवा'तच ग्राहक पुन्हा नागवला जाईल. १९७४ साली ग्राहक पंचायत ज्या पुण्यात उभी राहिली, त्या पुण्याने ही निवड मालकाच्या हाती देण्याची मागणी सरकारपुढे रेटली पाहिजे.