वाळूवरची ईर्यासमिती

वीरचंद राघवजी गांधी १८९३ साली सर्वधर्म परिषदेत जैन धर्म मांडण्यासाठी ज्या शिकागोला गेले, ते शहर मिशिगन सरोवराच्या काठी वसले आहे. सरोवर म्हणायचे एवढेच. पलीकडचा काठ दिसत नाही आणि लाटा समुद्रासारख्या येतात. याच काठावर मॉन्ट्रोज नावाची चौपाटी आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात तेथे जे घडले ते आपल्या घरांतून सांगितले जावे असे मला वाटते. कारण जीवदयेच्या ज्या बाजूकडे आपले लक्ष क्वचित जाते, ती तेथे दिसली.

पायपिंग प्लोव्हर हा टिटवीच्या कुळातला, पण तिच्याहून कितीतरी लहान पक्षी. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, पाठीचा रंग कोरड्या वाळूचा. घरटे म्हणावे असे काही नसतेच. वाळूत उथळ खळगा करून मादी त्यात साधारणतः चार अंडी घालते. अंडीही वाळूच्याच रंगाची, बारीक ठिपक्यांची. चार पावलांवर उभे राहिले तरी दृष्टीस पडत नाहीत. निर्जन किनाऱ्यावर हाच त्यांचा बचाव, आणि गर्दीच्या किनाऱ्यावर हाच घात. नर व मादी आळीपाळीने सुमारे चार आठवडे अंडी उबवतात. माणूस वा कुत्रा जवळ आला की पक्षी उठतो आणि पंख मोडल्याचे सोंग करून त्याला दूर नेतो. तेवढ्या अवधीत उघडी पडलेली अंडी उन्हाने तापतात. म्हणजे पाय न पडताही जीव जाऊ शकतो. अमेरिकेतील मोठ्या सरोवरांच्या काठी १९९० च्या सुमारास या पक्ष्याची जेमतेम डझनभर जोडपी उरली होती.

त्या २०१९ साली एका जोडप्याने मॉन्ट्रोजच्या गजबजलेल्या वाळूवर अंडी घातली. लोकांनी चौपाटीच्याच नावाचे दोन तुकडे करून नराला माँटी व मादीला रोज अशी नावे दिली. सरोवराचे पाणी त्या वर्षी फार चढले होते. पहिली अंडी बुडण्याची भीती निर्माण झाल्याने वन्यजीव अधिकाऱ्यांनी ती उचलून नेली. जोडप्याने पुन्हा खळगा केला, पुन्हा अंडी घातली, आणि जुलैमध्ये तीन पिल्ले बाहेर आली. आता अडचण निराळीच होती. ऑगस्टमध्ये त्याच चौपाटीवर दोन दिवसांचा संगीत महोत्सव ठरला होता. रोज सुमारे वीस हजार श्रोते अपेक्षित होते, तिकिटे विकली जात होती. आयोजकांनी महोत्सव रद्द केला. विकलेल्या मालाचे पैसे परत करणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

माझ्या मनात मात्र अधिक राहिले ते राखणदार. शहरातील पक्षिमित्र संस्थांनी स्वयंसेवकांच्या पाळ्या लावल्या आणि ही माणसे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दोरीबाहेर उभी राहिली. हातात दुर्बीण आणि वही. कोणता पक्षी किती वाजता उबवायला बसला, किती वाजता उठला, कावळा आला का, कुत्रा कोणी मोकळा सोडला का, याची नोंद. आयुष्यभर रोजकीर्द पाहिलेल्या माझ्यासारख्याला ही वही फार जवळची वाटते. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते दोन शब्द सांगत, दुर्बिणीतून पक्षी दाखवत. एकदा पाहिलेला माणूस दोरी ओलांडत नसे.

आपल्याकडे पाच समितींत ईर्यासमिती पहिली. साधू-साध्वी पुढची चार हात जमीन निरखून पाऊल टाकतात, आणि चातुर्मासात तर विहारच थांबवतात, कारण त्या दिवसांत भूमीवर जीवांची उत्पत्ती फार. काही आठवडे वाळूचा एक तुकडा दोरी लावून मोकळा ठेवणे याहून वेगळे काय आहे? शास्त्रांनी अभयदानाला श्रेष्ठ दान म्हटले. आपण ते बहुधा पावती फाडून करतो. पांजरपोळ, चबुतरा, पाणपोई. ते चांगलेच आहे. परंतु चौपाटीवर कुरवांना शेव-गाठिया उधळणे ही जीवदया आहे का, याचा विचार व्हावा. तळलेले, खारट पदार्थ पक्ष्याचे अन्न नव्हे; आणि वाळूवर पडलेल्या खाण्याने कावळे व भटकी कुत्री गोळा होतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही वाळूत अंडी घालणारे चिखल्या व सुरय आहेत. त्यांना आपल्याकडून दाणा नको, अंतर हवे. पुळणीवर मोटार नेण्याची हौस तर पूर्णच सोडावी.

एक प्रश्न कोणीही जैन विचारील. २०२१ साली स्कंक नावाच्या मांजराएवढ्या प्राण्याने, घरट्यावर संरक्षणासाठी ठेवलेल्या जाळीतूनही या जोडप्याची चारही अंडी खाल्ली. त्या स्कंकाचे काय? तोही भुकेलाच होता. काही ठिकाणी असे शिकारी प्राणी मारले जातात. माझे मन त्याला धजत नाही. जाळीचा पिंजरा अधिक मोठा करावा, खरकटे उचलावे, राखण वाढवावी, इथवर माझी संमती. त्या वर्षी जोडप्याने पुन्हा अंडी घातली आणि दोन पिल्ले उडाली.

माँटी हिवाळ्यात टेक्सासला जाई, रोज फ्लॉरिडाला. वसंतात दोघे काही दिवसांच्या अंतराने त्याच वाळूवर परतत. मे २०२२ मध्ये माँटी मॉन्ट्रोजलाच मरण पावला, आणि रोज पुन्हा आली नाही. त्यांचा २०२१ चा मुलगा इमानी मात्र येत राहिला, कित्येक महिने एकटाच. २०२४ साली त्याला जोडीदारीण मिळाली. चार अंड्यांपैकी एक पिल्लू वाचले. सरोवरांच्या काठची जोडपी आता सत्तरच्या पुढे गेली आहेत, आणि मॉन्ट्रोजच्या दोरीबाहेर दर उन्हाळ्यात पाळ्या लागतात.