शिक्षकबंधुभगिनींनो, कमिटीवर नांव द्या

संघटनेच्या तालुका कमिटीची निवड आली कीं, नामपुरांत एकच सूर निघतो : “तेथें तालुक्याच्या गांवचेच लोक बसतात.” बसतील नाहीं तर काय? आपण नांव देतों कोठें? गिरणींत नोकरी केलेल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनीं १८८४ सालीं मुंबईंत गिरणी कामगारांची संघटना उभारली. १८९० सालीं मालकांनीं रविवारची सुटी कबूल केली. ती घरीं बसून कुरकुरल्यानें मिळाली नाहीं. वर्गणी भरली म्हणजे कर्तव्य संपलें, हा निव्वळ आळस होय. कमिटीच्या कामास पगार नाहीं, शिव्या मात्र पुष्कळ, हें आम्ही जाणतों. तरी ज्या आडगांवच्या शाळेचें गाऱ्हाणें, तेथलेच गुरुजी वा बाई कमिटींत पाहिजेत. यंदां नांव द्या. आम्हीही देत आहोंत.