लाल दिवा लागला की थांबा



मागच्या उन्हाळ्यात आम्ही चौदा माणसे भाड्याच्या गाडीने नाशिकला लग्नाला निघालो. कसारा घाटाच्या अलीकडे ड्रायव्हरसमोर तेलाचा लाल दिवा लागला. पोराने गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद केले. "लग्न लागेल तिकडे, चल तशीच!" म्हणून आम्ही ओरडलो. मीही ओरडलो.

तो शांतपणे म्हणाला, "काका, तेलाशिवाय इंजिन जाम होतं."

इंजिन निवल्यावर त्याने डिपस्टिक पुसून, पुन्हा घालून पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली! ऑइल फिल्टर सैल होऊन गळत होता. तो त्याने हाताने घट्ट केला, जवळच्या डब्यातले त्याच ग्रेडचे तेल वरच्या खुणेपर्यंत ओतले, इंजिन चालू करून खाली पुठ्ठा सरकवला. दिवा विझला, पुठ्ठा कोरडा राहिला, तेव्हाच गाडी हलवली. गळती थांबली नसती तर गाडी ओढूनच न्यावी लागली असती.

लग्न चुकले. पण गाडी त्या पोराची, कर्जावरची. इंजिन गेले असते तर हप्ते कोणी भरले असते? तेलाचे पैसे आम्ही वर्गणी काढून दिले. ड्रायव्हर थांबला तर त्याच्यावर ओरडू नका. त्याची भाकरी आणि आपला जीव एकाच गाडीत असतो.