सुरीवरचा आळ

मूत्रपिंडाचा कर्करोग दांडगा असेल तर त्याला सुरी लावूच नये, लावली की तो पसरतो, असा निकाल एका सुशिक्षित गृहस्थांनी परवा आमच्या बेळगावजवळच्या काकती गावात, चारचौघांत, कोणताही दाखला न देता ठोकून दिला. आणि आता गोळ्या निघाल्या आहेत, शस्त्रक्रिया हा निव्वळ धंदा आहे, माणसाने जायचे तर अखंड देहाने जावे, अशी पुरवणीही त्यास जोडली. अखंड देहाचे उत्तर जगू इच्छिणाऱ्या रोग्याने द्यावे. धंदा म्हणाल तर अंगारे देणारेही दक्षिणा घेतात.

परंतु पसरण्याचा जो आरोप आहे, तो घरोघर रुजलेला व प्राणघातक असल्यामुळे त्याची तपासणी केलीच पाहिजे. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यापासून बेळगावापर्यंत, लघवीतून रक्त गेले की 'उष्णता झाली', 'खडा असेल' म्हणून माणूस महिनोन्‌महिने काढे पितो. रक्त आपोआप थांबते, म्हणून निर्धास्त होतो. आणि बिडीचा धूर मूत्रपिंडासही सोडत नाही, हे त्यास कोणी सांगत नाही. तोवर गाठ मूत्रपिंडाच्या शिरेतून महाशिरेत, क्वचित हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत वाढत गेलेली असते, तिचे कण फुप्फुसात केव्हाच रुजलेले असतात. मग ऑपरेशननंतर छातीच्या फोटोत डाग दिसला की गुन्हेगार कोण, तर सुरी! चोरी झाल्यावर पोचलेल्या शिपायालाच बेड्या घालण्याचा हा न्याय आहे. गाठ फुटली तर कण सांडतात, हे खरे. पण शल्यविशारद रॉब्सन यांनी १९६० च्या दशकात जी पद्धत रूढ केली, तिचा मतलबच हा की गाठीस धक्का न लावता आधी रक्तवाहिन्या बांधावयाच्या, आणि मग मूत्रपिंड, भोवतालची चरबी व तिच्यावरील आवरण हे सारे एकसंध बाहेर काढावयाचे. असा आळ नवा नाही. प्लेगच्या दिवसांत, लस टोचून घेणाऱ्यालाच प्लेग गाठतो, असे छातीठोक सांगणारे याच मुलखात होते. त्यांचे वंशज अद्याप कामावर रुजू आहेत.

गोळ्यांविषयी थोडक्यात. शस्त्रक्रियेवाचून केवळ औषध कमी पडत नाही, असे दाखवणारी कार्मेना चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, ती नेहमीच्या 'क्लिअर सेल' प्रकाराच्या, आधीच पसरलेल्या रोगापुरती होती. तिचा हुकूम सर्वांवर चालत नाही.

माझे म्हणणे एवढेच की रोगाचा प्रकार ठरल्याखेरीज इलाजाचा निकाल देऊ नये. १९९५ साली वेगळा ओळखला गेलेला मूत्रपिंडाचा मेड्युलरी कर्करोग प्रामुख्याने सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा गुण अंगी असलेल्या तरुणांना होतो, आणि तो गुण गडचिरोली-नंदुरबारकडे पुष्कळ आढळतो. या कर्करोगात गाठ लहान असली तरी मूत्रपिंडाचा तुकडा राखण्याचा मोह न धरता ते समूळ काढावे, आणि रोग पसरलेला असल्यास प्रथम प्लॅटिनमयुक्त केमोथेरपी देऊन, तिला तो दबला तर मग शस्त्रक्रिया करावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. महाशिरेत शिरलेली गाठही, रोग अन्यत्र नसेल तर, काढता येते. मात्र ती हृदयापर्यंत पोचली असल्यास हृदयशल्यविशारद व हृदय-फुप्फुस यंत्र जेथे आहे, तेथेच जावे. आणि काढलेले मूत्रपिंड फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून, चिठ्ठीसह नातेवाइकाच्या हाती देतात, तेव्हा ती बरणी पिशवीत खुंटीला टांगून ठेवू नये. त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावी, आणि अहवालात प्रकार कोणता, शिरेत गाठ होती काय, कडा स्वच्छ आहेत काय, हे तीन प्रश्न डॉक्टरांस भिडेस न पडता विचारावेत.