रणांगणावरून घरात आलेले शिरस्त्राण

जयपूरच्या रामनिवास बागेतील अल्बर्ट हॉल हे संग्रहालय पाहावयास गेलेले कुटुंब शस्त्रांच्या दालनात सहसा फार वेळ थांबत नाही. मुले तलवारींपुढे रेंगाळतात, वडील ढालींवरील नक्षी न्याहाळतात, आणि 'चला, अजून पुष्कळ पाहावयाचे आहे' असे म्हणत आई सर्वांना पुढे नेते. या घाईत पोलादी टोपाकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. वाचकहो, आज आपण त्या टोपापाशीच थोडे थांबू या.

हा टोप म्हणजे पोलादाची एक उलटी वाटी. माथ्यावर फाळासारखे टोक, पुढील बाजूस तुरे खोचण्यासाठी दोन नळ्या, नाकाच्या रक्षणासाठी वरखाली सरकणारी पट्टी आणि मानेवर रुळणारी बारीक कड्यांची जाळी. त्यावरील सोनेरी वेलबुट्टी रंगाने काढलेली नसते. पोलादावर सुरीने अगदी बारीक आडव्याउभ्या रेघा मारतात, त्यांवर सोन्याची वा चांदीची तार ठोकून बसवितात, मग तो भाग तापवून घोटतात. या कामाला कोफ्तगिरी म्हणतात. मराठी वाचकाला असा टोप परका नाही. १६५९ मध्ये अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी मंदिलाखाली पोलादी टोप घातला होता, असे बखरी सांगतात. आणि पुढे १६६५ च्या जून महिन्यात पुरंदरचा तह ज्यांच्याशी झाला, ते मिर्झाराजे जयसिंह या जयपूरजवळच्याच आमेरचे.

या अल्बर्ट हॉलची कोनशिला ६ फेब्रुवारी १८७६ रोजी बसविली गेली. संग्रहालय म्हणून तो १८८७ मध्ये लोकांसाठी खुला झाला. योगायोग असा की, त्याच १८७६ सालच्या मार्च महिन्यात दूर जपानमध्ये एक राजाज्ञा निघाली: सैनिक, पोलीस अशा मोजक्या लोकांखेरीज कोणीही तलवार लावून हिंडू नये. शतकानुशतके शस्त्र हाच ज्यांचा मान होता, त्या सामुराई वर्गाचे युग तेथे संपले. येथे शस्त्रे काचेच्या कपाटात जाण्याची तयारी होत होती, तेथे ती कमरेवरून उतरत होती. मग ती घडविणाऱ्या हातांचे काय झाले? या प्रश्नाचे जपानने दिलेले उत्तर आपण ऐकण्यासारखे आहे.

सामुराईच्या शिरस्त्राणाला जपानी भाषेत 'काबुतो' म्हणतात. त्याची वाटी एका पत्र्यातून क्वचितच ठोकलेली असे; लोखंडाच्या अनेक अरुंद पट्ट्या कडेला कड लावून खिळ्यांनी जोडीत. उत्तम कामात अशा साठाहून अधिक पट्ट्या आढळतात. हवा दमट असल्यामुळे गंज चढू नये म्हणून त्यावर लाखेचे लेप देत. मानेच्या रक्षणासाठी पट्ट्यांचे थर रेशमी दोऱ्यांनी गुंफून खाली सोडीत. म्हणजे एका शिरस्त्राणामागे लोहार, लाखकाम करणारा आणि दोऱ्या विणणारा असे अनेकांचे हात राबत. माथ्यावर एक लहान छिद्र ठेवीत. ते युद्धदेव हाचिमान याचे आसन मानले जाई.

शिरस्त्राण हे केवळ रक्षणाचे साधन नव्हते. ती योद्ध्याची ओळखही होती. दाते मासामुने याच्या टोपावर मोठी चंद्रकोर, तर होंदा तादाकात्सु याच्या टोपावर हरणाची शिंगे असत. किमुरा शिगेनारी या तरुण योद्ध्याने १६१५ मध्ये ओसाकाच्या अखेरच्या लढाईस निघताना शिरस्त्राणाला धुपाची धुरी दिली, अशी कथा आहे. शत्रूने शिर कापून नेले तरी ते सुगंधित असावे, हा त्यामागील हेतू. केशरी बाणा लेवून रणात उतरणाऱ्या राजपुताला ही भावना समजावून सांगावी लागली नसती.

१८७६ नंतर अशा टोपांना गिऱ्हाईक उरले नाही. मियोचिन हे चिलखते घडविणारे नामांकित घराणे. त्यांच्या हिमेजी येथील शाखेने निखारे उचलण्याच्या लोखंडी सळया घडविण्यास आरंभ केला. पुढे घरोघरच्या शेगड्याही गेल्या, तेव्हा त्याच सळया दोऱ्याला टांगून वाऱ्यावर किणकिणणाऱ्या घंटा त्यांनी केल्या. वस्तू बदलली, हात तेच राहिले.

आणि शिरस्त्राण? ते सणाच्या वाटेने घरात आले. ५ मे हा तेथे पूर्वी मुलग्यांचा सण. १९४८ पासून तो सर्व बालकांचा आणि मातांविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याचा राष्ट्रीय दिवस आहे. त्या दिवसांत मुलगा असलेल्या घरी लहानसे काबुतो मांडून ठेवतात. तलवारीच्या पात्यासारख्या पानांच्या 'शोबु' या वनस्पतीची पाने स्नानाच्या पाण्यात टाकतात. कारण शौर्याचा आदर या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही 'शोबु' असाच आहे. ज्या बालकाला खरे शिरस्त्राण मिळत नाही, ते वर्तमानपत्राची घडी घालून टोप करते आणि डोक्यावर मिरविते. आईबापांची इच्छा एवढीच की, जे लोखंड योद्ध्याचे मस्तक राखी, त्याने आता लेकराला संकटापासून राखावे. या सणामुळे लहान काबुतो घडविणाऱ्या कारागिरांना आजही काम मिळते.

आपल्याकडे अशा चालीरीती नाहीत असे नाही. खंडेनवमीला आपण शस्त्रांबरोबर विळा, करवत, लेखणी यांचीही पूजा करतो. दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून देतो. दिवाळीत मराठी घरांच्या अंगणात मुले मातीचा किल्ला रचून त्यावर मावळे उभे करतात. जपानी पालक शोबुच्या पानात जे पाहतात, ते आपण आपट्याच्या पानात पाहतो. तथापि एक उणीव जाणवते. आपण हत्यार पूजितो, पण ते घडविणाऱ्याचे स्मरण ठेवतो का? कोफ्तगिरी अद्याप नष्ट झालेली नाही. राजस्थानातच उदयपूरचे कारागीर ती करीत आहेत आणि २०२३ मध्ये त्या कलेला भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु मानांकनाने कलेचे नाव राखले जाते. कारागिराची चूल पेटते ती घराघरांतून येणाऱ्या मागणीने. तलवार कोणी विकत घेणार नाही, घेऊही नये. पण एखादी डबी, एखादा अडकित्ता, कागद कापण्याची एखादी सुरी त्या हातांची असू शकते.

म्हणून पुन्हा कधी जयपुरास गेलात, तर मुलांना त्या टोपापाशी घटकाभर उभे करा. 'हा कोणी घातला?' असे ती विचारतीलच. त्यांना उत्तर द्या, आणि मग त्यांनाच विचारा, 'हा कोणी घडविला असेल?'