कोपराखालचं पायडल



३ डिसेंबर हा जागतिक अपंग दिन. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तो नुकताच होऊन गेलेला असेल. त्या निमित्ताने यंदा नोकरी करणाऱ्या अपंग माणसांविषयी लिहायचं ठरवलं, आणि लिहायला बसल्यावर आधी डोळ्यांपुढे आला तो झाशीचा सदर बाजार.

माझे आजोबा जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीपायी मुंबईहून झाशीला गेले आणि आमचं घराणं तिथलंच होऊन गेलं. घरात मराठी, अंगणाबाहेर बुंदेली. गणपतीत गणेश मंदिरात आरतीला उभं राहायचं आणि शाळेचे कपडे शिवायला छावणीतल्या सदर बाजारात जायचं, हा आमचा वर्षाचा शिरस्ता. छावणीचा बाजार, त्यामुळे फौजी वर्दी शिवणारी दुकानं बरीच. आम्ही जायचो त्या दुकानात एक कारागीर होते. पोलिओने दोन्ही पाय गेलेले. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत.

शिलाई मशीन चालतं पायांवर. मालकाने त्यांच्या मशीनला विजेची मोटर लावून घेतली आणि तिचं पायडल खाली न ठेवता टेबलावरच, डाव्या हाताशी, एका फळीवर ठोकून दिलं. मास्टरजी कोपराने पायडल दाबत आणि दोन्ही हातांनी कापड सरकवत. खाकी शर्टाच्या खांद्यावरची पट्टी शिवताना टोक आलं की कोपर हलकेच वर व्हायचं. मशीन थांबायचं. सुई कापडात रुतलेली तशीच ठेवून ते पट्टी वळवत, की पुन्हा कोपर खाली. दुकानाला दोन पायऱ्या होत्या. त्यांच्या बाजूला मालकाने विटांचा एक ढाळ बांधून घेतला होता, मास्टरजींची तिचाकी सायकल थेट आत यावी म्हणून. एकदा वडिलांनी मालकाला विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी? तो म्हणाला, ‘बाबूजी, इनके जैसा काज पूरे बाज़ार में कोई नहीं बनाता.’

आज कायद्याच्या भाषेत त्या फळीला आणि त्या ढाळाला ‘वाजवी सोय’ म्हणतात. तेव्हा भारतात अपंगांसाठी असा कायदाच नव्हता. पहिला आला १९९५ साली. मालकाने जे केलं ते स्वतःच्या खिशातून आणि स्वतःच्या बुद्धीने केलं.

आता इथली, ब्रिटनमधली गोष्ट. आपल्या मंडळातल्या एका ताईंची, त्यांच्या परवानगीने आणि नाव न घेता. त्यांना डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. नजरेचा घेर हळूहळू आक्रसत जातो, आणि अंधार पडला की जवळजवळ काहीच दिसत नाही. हिशेबाच्या नोकरीत त्यांनी दोन वर्षं ही गोष्ट लपवली. दुपारी सगळे जेवायला गेले की स्क्रीनला नाक लावून त्या सकाळचे आकडे पुन्हा तपासत. हिवाळ्यात चार वाजता काळोख झाला की बसस्टॉपपर्यंतचा रस्ता पावलं मोजत जात. शेवटी एक चूक राहून गेलीच आणि लेखी ताकीद मिळाली. मग त्यांनी सांगितलं. काही महिन्यांत मोठा स्क्रीन आला, अक्षरं मोठी करून वाचून दाखवणारी प्रणाली आली, हिवाळ्यात घरी जायला टॅक्सीचं भाडं मंजूर झालं. आज त्या त्याच टेबलावर, तेच काम करत आहेत. मी विचारलं, इतके दिवस का लपवलंत? त्या म्हणाल्या, ‘आपल्यात असं कोण सांगतं हो?’

त्या उत्तरामुळेच हे संपादकीय लिहितो आहे. आपल्याकडे मुलीचा मधुमेह लग्न ठरेपर्यंत झाकतात, मुलाचं नैराश्य ‘जरा दमलाय’ म्हणून उडवून लावतात, आणि कानाचं यंत्र केसांखाली दडवतात. तीच सवय घेऊन आपण ऑफिसात जातो. मग हक्काची मदत समोर असूनही हात पुढे होत नाही.

ती मदत काय आहे, हे नीट समजून घेऊ. ब्रिटनमध्ये १९९४ पासून ‘ॲक्सेस टू वर्क’ ही सरकारी योजना आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी ती एकच आहे, उत्तर आयर्लंडची वेगळी. हे कर्ज नाही, परत फेडायचं नसतं, आणि तुमचा पगार किती हे त्यासाठी पाहत नाहीत. खास उपकरणं, खुणांच्या भाषेचा दुभाषी, कामावर मदतनीस, सार्वजनिक वाहनाने जाणं जमत नसेल तर टॅक्सी, मानसिक आजारात आधार, इतक्या गोष्टी तिच्यात येतात. २०२४-२५ मध्ये एका माणसासाठी वर्षाला ६९,२६० पौंडांपर्यंत मर्यादा होती. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यालाही ती मिळते. अर्ज मात्र कर्मचाऱ्याने स्वतः करायचा असतो, मालक तो करू शकत नाही. म्हणजे तुम्ही तोंड उघडलं नाही, तर योजना जागच्या जागी राहते.

मालकाची जबाबदारी वेगळी आहे, आणि सरकारी अनुदानाने ती संपत नाही. २०१० च्या समानता कायद्याप्रमाणे वाजवी बदल करणं हे प्रत्येक मालकाचं कर्तव्य आहे, दुकान दोन माणसांचं असलं तरी. त्या बदलांचा खर्च कर्मचाऱ्याकडून घेता येत नाही. नोकरी देऊ करण्याआधी, अगदी मोजके अपवाद सोडले तर, तब्येतीची चौकशी करता येत नाही. आणि अपंगत्व म्हणजे फक्त चाकाची खुर्ची नव्हे. रोजच्या व्यवहारावर ठळक परिणाम करणारा, वर्षभर टिकलेला किंवा टिकेल असा शारीरिक वा मानसिक त्रास त्यात बसतो. कर्करोग तर निदान झालेल्या दिवसापासून.

आपल्यातले कितीतरी जण आता मालक आहेत. कुणाचा दंतवैद्यकीचा दवाखाना, कुणाची फार्मसी, कुणाचं उपाहारगृह, कुणाची आठ-दहा माणसांची आयटी कंपनी. त्यांच्यासाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. पन्नासपेक्षा कमी माणसं असतील, तर ‘ॲक्सेस टू वर्क’च्या मंजूर खर्चात मालकाला वाटा उचलावा लागत नाही. ५० ते २४९ माणसं असतील तर उपकरणांसारख्या खर्चात पहिले ५०० पौंड आणि पुढे १०,००० पौंडांपर्यंतच्या रकमेचा पाचवा हिस्सा मालकाचा. २५० किंवा त्याहून जास्त असतील तर ५०० च्या जागी पहिले १,००० पौंड. कामावर रुजू झाल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत अर्ज केला, तर मालकाला हा हिस्साही द्यावा लागत नाही. म्हणून अर्ज लवकर करायचा. ‘परवडत नाही’ हे कारण लहान मालकाने सांगू नये.

दोष या योजनेतही आहेत. अर्ज निकाली निघायला महिनोन्‌महिने लागतात, आणि तेवढ्यात नोकरी हातची जाते, अशा तक्रारी संसदेपर्यंत पोचल्या आहेत. मार्च २०२५ मध्ये सरकारने योजनेच्या पुढच्या स्वरूपाविषयी लोकांची मतं मागवली होती. बदल जरूर व्हावेत, पण लहान मालकाच्या डोक्यावरचा भार वाढवून होऊ नयेत.

लहान मालकाविषयी हे सांगण्याचं कारण पुन्हा सदर बाजारात आहे. भारताचा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा चांगला आहे. आधीच्या सात प्रकारांच्या जागी त्याने एकवीस प्रकार मान्य केले, सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखल्या, आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं. वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव आहे, हे २०२१ साली सर्वोच्च न्यायालयातल्या विकास कुमार खटल्यात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालाने पक्कं झालं. तरी कायदा आणि खुर्ची यांत अंतर किती असतं, ते उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी पाहिलं. २०१६ मध्ये त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण दिसत नाही म्हणून रेल्वेच्या लेखा सेवेने त्यांना घेतलं नाही. पुढच्याच वर्षी त्या १२४ व्या क्रमांकाने आय.ए.एस. झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या.

खासगी मालकासाठी भारत सरकारने २००८ पासून एक योजना आणली. अपंग माणसाला कामावर ठेवलं, तर त्याच्या भविष्यनिर्वाह निधीतला आणि कर्मचारी विम्यातला मालकाचा वाटा सरकार काही वर्षं भरेल, अशी. हेतू चांगला. पण निधीचा कायदा साधारणपणे वीस माणसांच्या आस्थापनेला लागू होतो आणि विम्याचा दहा माणसांच्या. सदर बाजारातल्या शिंप्याच्या दुकानात चार माणसं असतात. तिथे भरायला मालकाचा वाटाच नाही, तर सरकार भरणार काय? १९८१ पासूनच्या दुसऱ्या एका योजनेत तिचाकी मिळते, तीही झाशीच्याच राज्यात, कानपूरला १९७२ मध्ये निघालेल्या सरकारी कारखान्यात तयार होते. पण ती दुकानाच्या पायरीपर्यंत आणते. पायरीवरून आत न्यायला ढाळ लागतो, आणि त्या ढाळाचे पैसे आजही मालकाच्या खिशातूनच जातात. इथे ब्रिटनमध्ये सर्वांत लहान मालकाला सर्वांत जास्त सवलत, तिथे भारतात सर्वांत लहान मालक योजनेच्या बाहेरच. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं मोजली गेली. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना काम मिळायचं ते अशाच चार माणसांच्या दुकानांत. सरकारी पैसा तिथवर पोचला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. गावाकडे ज्यांचा शब्द चालतो, त्यांनी तो यासाठी खर्च करावा.

आणि आपलं मंडळ? गणेशोत्सवासाठी आपण जो हॉल घेतो, त्याच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, आणि प्रसादाची पंगत वरच्या मजल्यावर बसते. यंदा एक आजी खालीच बसून राहिल्या आणि आपण त्यांचं ताट खाली नेऊन दिलं. ताट नेलं, पण पंगत नेली नाही. पुढच्या वर्षी पंगत खालच्या मजल्यावर बसेल, असं कार्यकारिणीने ठरवलं आहे.

तुमच्याकडे दोनच मागण्या आहेत. त्रास लपवत नोकरी करत असाल, तर हा अंक खाली ठेवण्याआधी एका माणसाला सांगा. घरी सांगणं जड जात असेल, तर कार्यकारिणीतल्या कुणालाही सांगा. अर्ज भरायला आम्ही शेजारी बसू, आणि ही गोष्ट आमच्यातच राहील. आणि मालक असाल, तर सोमवारी सकाळी तुमच्या माणसांना एवढंच विचारा: काम सोपं व्हायला तुला काय लागेल?

सदर बाजारातल्या त्या मालकाने तेवढंच विचारलं असणार. बाकी लागली होती एक फळी.

आपला,
संपादक