फोन, आउटलुक आणि मधला क्लाउड: आपले कॉन्टॅक्ट्स आता राहतात कुठे?

विंडोजसोबत फुकट येणाऱ्या मेल, कॅलेंडर आणि पीपल या तिन्ही ॲप्सचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला थांबवला. त्यानंतर ११ फेब्रुवारी २०२५ च्या सिक्युरिटी अपडेटसोबत विंडोज १० च्या कॉम्प्युटरवरही 'नवं आउटलुक' न विचारता येऊन बसलं. विंडोज ११ वर ते आधीपासूनच होतं. जुनं आउटलुक, ज्याला कंपनी आता क्लासिक म्हणते, ते किमान २०२९ पर्यंत चालू राहील असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं आहे. म्हणजे आत्ता एकाच कॉम्प्युटरवर एकाच नावाचे दोन प्रोग्रॅम आहेत. दिसायला ते भाऊ-भाऊ वाटतात, पण फोनशी वागण्याची दोघांची पद्धत पूर्ण वेगळी आहे.

त्यामुळेच हल्ली मला येणाऱ्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न सारखा असतो. कॉम्प्युटरवर टाकलेली अपॉइंटमेंट फोनमध्ये दिसत नाही, फोनमध्ये सेव्ह केलेला नंबर आउटलुकमध्ये येत नाही, काय करू? सेटिंग सांगून सोडून देता आलं असतं, पण 'सिंक' या शब्दाचा अर्थच गेल्या पंधरा-वीस वर्षांत बदललाय आणि तो समजल्याशिवाय सेटिंगला अर्थ नाही.

ज्यांनी नोकियाचा पीसी सूट वापरलाय त्यांना आठवत असेल. केबल लावायची, बटण दाबायचं, दोन बाण गोल फिरायचे आणि फोनमधले नंबर थेट आउटलुकमध्ये. विंडोज मोबाइलवाल्यांकडे ॲक्टिव्हसिंक होतं, ब्लॅकबेरीचं स्वतःचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर होतं, आयफोनसाठी आयट्यून्स. तेव्हाचा सिंक म्हणजे दोन वह्या समोरासमोर ठेवून ताळा करणं. मध्ये तिसरं कोणी नव्हतं. २००८ मध्ये अँड्रॉइड आलं ते मात्र केबलच्या सिंकशिवायच. नंबर गूगल खात्यात ठेवा, बस्स. गूगलने काही वर्षं आउटलुकसाठी एक छोटं कॅलेंडर सिंक टूल फुकट दिलं होतं, ते १ ऑगस्ट २०१४ ला बंद केलं. आता ताळा दोन वह्यांचा होत नाही. वही तिसऱ्याच ठिकाणी, कंपनीच्या सर्व्हरवर असते, आणि फोन व कॉम्प्युटर या तिच्या दोन खिडक्या.

इथेच बहुतेकांची गाडी अडते. आपल्याकडच्या छोट्या ऑफिसात, मग ते सीएचं असो, वकिलाचं असो की दवाखान्याचं, क्लासिक आउटलुकमध्ये जीमेल किंवा वेबसाइटवाल्याने दिलेला ईमेल आयमॅप पद्धतीने जोडलेला असतो. आयमॅप फक्त मेलची ने-आण करतो. कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्स त्याच्या खात्यात येतच नाहीत. आउटलुक ते मुकाट्याने हार्ड डिस्कवर ठेवतं, आणि डावीकडे फोल्डरच्या नावापुढे 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' असं लिहितंही. ते तीन शब्द कोणी वाचत नाही. मेल दोन्हीकडे बरोबर दिसतात म्हणून माणूस धरून चालतो की सगळंच सिंक होतंय. वर्षभराच्या तारखा त्या एका डिस्कवर असतात, आणि डिस्क गेली की तारखाही गेल्या. तुमच्या आउटलुकमध्ये हे शब्द दिसत असतील तर तुमचं सिंक बिघडलेलं नाहीये. ते कधी सुरूच झालेलं नाही.

गूगल कॅलेंडरची लिंक आउटलुकमध्ये टाकून 'जोडलं' असं समजणारेही बरेच असतात. ती लिंक फक्त वाचण्यापुरती. आउटलुकमध्ये तारीख दिसेल, बदलता येणार नाही.

वास्तविक यावर खुला उपाय केव्हाचा तयार आहे. कॅलेंडरची नोंद कशी लिहायची याचं आयकॅलेंडर नावाचं मानक १९९८ मध्ये आलं आणि २००९ मध्ये सुधारलं गेलं. ती नोंद सर्व्हरशी कशी जुळवायची यासाठी २००७ मध्ये कॅलडॅव आणि कॉन्टॅक्ट्ससाठी २०११ मध्ये कार्डडॅव आलं. आयफोनला दोन्ही येतात. अँड्रॉइडला मुळात येत नाहीत, पण डॅव्हएक्स५ नावाचं ॲप ती उणीव भरून काढतं. थंडरबर्डला दोन्ही येतात. क्लासिक आउटलुकला यातलं काहीच थेट येत नाही! ऑफिस सॉफ्टवेअरमधला सगळ्यात मोठा खेळाडू आणि तो खुली भाषा बोलत नाही. त्याची स्वतःची एक्सचेंजची भाषा आहे, इतरांनी ती शिकावी अशी अपेक्षा. म्हणून मध्ये दुभाषे तयार झाले. कॅलडॅव सिंक्रोनायझर हे मुक्त-स्रोत ॲड-इन त्यातलंच, आणि पैसे भरून वर्कस्पेस घेणाऱ्यांसाठी गूगलचं आउटलुक सिंक टूलही. हे दोन्ही फक्त क्लासिकमध्ये चालतात, कारण नव्या आउटलुकने जुन्या पद्धतीची ॲड-इन्स घेणंच बंद केलंय. कोपऱ्यातलं ते बटण सरकवलं की दुभाषा गप्प होतो आणि कोणी सांगतही नाही. ज्यांचं काम अशा ॲड-इनवर चालतं त्यांनी बटण आहे तिथेच राहू द्यावं, हे माझं स्पष्ट मत.

मग नवं आउटलुक वाईटच का? तसं नाही. जीमेल खातं जोडलं की मेलसोबत गूगलचं कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्सही येतात, दोन्ही दिशांनी. साध्या माणसाचा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. पण हे होतं कसं, ते बघा. तुमचा कॉम्प्युटर गूगलशी थेट बोलत नाही. मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर बोलतो. तुमच्या मेलची, तारखांची आणि नंबरांची एक प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये तयार होते आणि तुमच्या स्क्रीनवर ती प्रत दिसते. खातं जोडताना कंपनी हे सांगते, पण पुढे जायच्या बटणाच्या वर, बारीक अक्षरांत. नोव्हेंबर २०२३ मध्ये जर्मनीच्या 'हाइझे' या तंत्रज्ञान-प्रकाशनाने दाखवून दिलं की साध्या आयमॅप खात्याचा तर पासवर्डसुद्धा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे जातो. जर्मनीचे तेव्हाचे केंद्रीय डेटा-संरक्षण आयुक्त उलरिश केल्बर यांनी त्यावर जाहीर चिंता व्यक्त केली होती. जीमेलच्या बाबतीत पासवर्ड जात नाही, परवानगीची किल्ली जाते. ती किल्ली गूगल खात्याच्या सिक्युरिटी पानावरून केव्हाही काढून घेता येते.

घरच्या माणसाला यात फारसं बिघडत नाही असं मला वाटतं. त्याचे नंबर गूगलकडे आधीच आहेत. दवाखाना किंवा सीएचं ऑफिस असेल तर गोष्ट वेगळी. तिथली यादी तुमची नसते, पेशंटची किंवा अशिलांची असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. घरगुती वापराला त्यात सूट आहे, व्यवसायाला नाही. "आमच्या अशिलांचे नंबर कोणाकोणाच्या सर्व्हरवर आहेत?" याचं उत्तर त्या ऑफिसकडे असायला हवं. 'नव्या आउटलुकचं बटण कोणीतरी दाबलं' हे काही उत्तर नव्हे.

उलट बाजूचा धोका मला जास्त गंभीर वाटतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. तुमच्या फोनवर ऑफिसचं खातं जोडलेलं असतं तेव्हाची गोष्ट. फोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये कंपनीचं एक्सचेंज खातं टाकलं की एक स्क्रीन येते, 'डिव्हाइस ॲडमिन' म्हणून मान्यता द्या. त्यात एक ओळ असते, दुरून फोन पुसून टाकण्याच्या अधिकाराची. पुसणं म्हणजे ऑफिसचे मेल नव्हेत, अख्खा फोन. फोटोंसकट. ॲडमिनकडे फक्त खातं पुसण्याचाही पर्याय असतो, पण कोणतं बटण दाबायचं हे तो ठरवतो. आउटलुकचं मोबाइल ॲप वापरलं तर त्याच्यामार्फत पुसण्याची मजल त्या ॲपमधल्या डेटापुरतीच जाते. म्हणून स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या फोनवर ऑफिसचं खातं ॲपमध्येच ठेवावं.

दुसरा भाग कॉन्टॅक्ट्सचा. नवीन नंबर सेव्ह करताना फोन विचारतो, कुठे ठेवू? गूगल, फोन, सिम की ऑफिसचं खातं? एकदा निवडलं की तेच कायम होतं आणि पुन्हा विचारत नाही. मग दोन-तीन वर्षं आईच्या डॉक्टरांपासून सोसायटीच्या प्लंबरपर्यंत सगळे नंबर कंपनीच्या सर्व्हरवर जमा होत राहतात. नोकरी सोडली, आयटीवाल्यांनी खातं बंद केलं, फोनवरून ते काढलं, की नंबरही जातात. ते नष्ट होत नाहीत, कंपनीकडे राहतात. फक्त तुमच्याकडे नसतात. परत मागायला जावं तर माणूस बाहेर पडलेला. राजीनामा देण्याच्या कितीतरी आधी, आज, फोनच्या कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये जाऊन 'डिफॉल्ट अकाउंट' काय आहे ते बघून घ्या.

आयफोनवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. आउटलुक ॲपमधलं 'सेव्ह कॉन्टॅक्ट्स' चालू केलं की नंबर आउटलुकमधून फोनमध्ये येतात, उलटे जात नाहीत. फोनच्या कॉन्टॅक्ट्समध्ये केलेली दुरुस्ती आउटलुकला कळत नाही. नंबर बदलायचा असेल तर तो आउटलुकमध्येच बदलायचा.

हे सगळं चालू असताना आपल्याकडे स्वदेशीची चर्चा जोरात आहे. केंद्र सरकारची ईमेल सेवा झोहोच्या प्लॅटफॉर्मवर गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अमित शहांनी आपला ईमेल झोहो मेलवर हलवल्याचं जाहीर केलं. लगेच विचारणा सुरू झाली, आपणही हलवायचं का? माझा निकष सर्व्हर कुठल्या देशातला एवढाच नाही. उद्या तिथून बाहेर पडायचं झालं तर वही उचलून नेता येते का, हे मी आधी बघतो. झोहो कॅलडॅव आणि कार्डडॅव दोन्ही बोलतो, त्यामुळे या परीक्षेत तो आउटलुकपेक्षा वरचढ आहे. उलट मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी बाहेरचे प्रोग्रॅम ज्या जुन्या दारातून, म्हणजे एक्सचेंज वेब सर्व्हिसेसमधून, बोलत आलेत ते दार ऑक्टोबर २०२६ पासून बंद करायला घेणार असल्याचं कंपनीने आधीच जाहीर केलंय. सिंकचं एखादं जुनं टूल वापरत असाल तर ते कोणत्या दाराने जातं हे बनवणाऱ्याला विचारून ठेवा.

तारखांबद्दल थोडं, कारण सिंक जमल्यावरही तिथे गोंधळ होतो. वाढदिवस एक दिवस मागेपुढे दिसणं ही नेहमीची तक्रार. क्लासिक आउटलुक 'पूर्ण दिवसाची' नोंद त्या ठिकाणच्या मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत अशी धरतं. पुण्यात टाकलेला १० जूनचा वाढदिवस कॅलिफोर्नियाच्या वेळेवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर ९ जूनच्या सकाळी साडेअकराला सुरू होतो. परदेशी जायचीही गरज नाही. नव्या लॅपटॉपवर टाइम झोन पॅसिफिकच राहून गेला की घरबसल्या हा अनुभव येतो. आणि तिथीने येणारं काही, म्हणजे आजोबांचं श्राद्ध किंवा तिथीचा वाढदिवस, 'दरवर्षी' म्हणून टाकू नका. गूगल आणि आउटलुकच्या 'रिपीट'मध्ये इंग्रजी तारखाच आहेत. इतर कालगणनांसाठी आयकॅलेंडरमध्ये २०१५ पासून तरतूद आहे, पण या दोघांच्या मेनूत अजून तिथी आलेली नाही. दर वर्षी पंचांग बघून हातानेच टाकावं लागतं.

आता प्रत्यक्ष हलवाहलवी. माझा सल्ला एवढाच, की वही एकच ठरवा, गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट, आणि दोन्ही खिडक्या तिच्याकडे उघडा. दोघांना एकमेकांशी जुळवत बसलं की एकाच माणसाचे तीन नंबर होतात, एक शून्य लावून, एक +९१ लावून, एक नुसता.

हलवण्याआधी फोनमधून कॉन्टॅक्ट्स व्हीकार्ड फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवा. ती फाइल क्लासिक आउटलुकला थेट देऊ नका, कारण पाचशे नावांच्या फाइलमधलं तो पहिलंच नाव उचलतो. ती गूगल कॉन्टॅक्ट्सच्या वेबसाइटवर टाका आणि तिथून 'आउटलुक सीएसव्ही' म्हणून उतरवा. ही सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडायची आणि सेव्ह करायची चूक मात्र महागात पडते. देवनागरी नावांच्या जागी अगम्य चिन्हं येऊ शकतात, आणि +९१ चे नंबर एक्सेल संख्या समजून ९.१९ई+११ असं करून टाकतं. सेव्ह केलं की शेवटचे आकडे कायमचे गेले. दुरुस्ती करायचीच असेल तर 'डेटा' टॅबमधून फाइल घ्या, यूटीएफ-८ निवडा आणि नंबरांचा कॉलम 'टेक्स्ट' ठेवा.

आणि दोन्हीकडचा सिंक चालू असताना फोनमधून नावं धडाधड डिलीट करू नका. तिथलं डिलीट इथेही होतं. गूगलवर तसं झालंच तर कॉन्टॅक्ट्सच्या वेबसाइटवर सेटिंगमध्ये 'अनडू चेंजेस' आहे. ३० दिवसांपर्यंत मागे जाता येतं.